व्होल्टेज आणि करंटवरून रोध काढला, पण मीटर भलतंच सांगतोय

रोधक
मंडळी, साधा हिशोब अडलाय. गाडीच्या इंडिकेटरचा फिलामेंटवाला बल्ब आहे, त्यावर १२ व्होल्ट २१ वॅट छापलंय. बेंच सप्लायवर (हवं तेवढं डीसी व्होल्टेज देणारं टेबलावरचं यंत्र) लावला आणि बल्बच्या टोकांवर मीटर धरून बरोबर १२.० व्होल्ट केले. करंट आला १.७५ अँपिअर. शक्ती १२ × १.७५ = २१ वॅट, छापल्याबरहुकूम. रोध १२ ÷ १.७५ = ६.८६ ओहम. इथवर सगळं सुरळीत.

मग बल्ब काढला, गार होऊ दिला आणि तोच मीटर ओहमवर ठेवून मोजला. ०.८ ओहम! त्याच पाकिटातला दुसरा बल्ब घेतला, तरी तेच. आता ०.८ धरून हिशोब केला तर १२ व्होल्टला १५ अँपिअर आणि १८० वॅट व्हायला हवेत. माझा सप्लाय ३ अँपिअरच्या वर जातच नाही.

तर खोटं कोण बोलतंय? ओहमचा नियम, मीटर, की बल्बवर छापणारा? आणि व्होल्टेज भागिले करंट करून जे उत्तर येतं त्याला त्या वस्तूचा रोध म्हणायचं की नाही?

टेस्टर
छापणारा. भांडण कुठलंही असो, छापणाराच खोटा. :)

सोल्डरिंग
कोणीच खोटं बोलत नाहीये. टंगस्टनची तार तापली की तिचा रोध वाढतो, आणि थोडाथोडका नाही. पेटलेला फिलामेंट अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास असतो. तिथे रोध गार तारेच्या दहा ते पंधरा पट भरतो. तुझे ६.८६ पेटलेल्या तारेचे आणि ०.८ गार तारेचे. वस्तू एकच, अवस्था दोन.

शून्य_व्होल्ट
सोल्डरिंगशी सहमत, पण ते ०.८ सुद्धा मला पचत नाहीत. मीटरच्या दोन्ही पिना एकमेकींना टेकवून बघ, किती दाखवतो?

रोधक
०.२. मधूनच ०.३ होतं.

शून्य_व्होल्ट
मग बल्बचे ०.६ धर. बाकीचा तुझ्या वायरींचा आणि पिनांचा रोध. ६.८६ ÷ ०.६ म्हणजे साडेअकरा पट, सोल्डरिंगने सांगितलेल्या पट्ट्यात बरोब्बर बसतं.

एक ओहमच्या खालचं काही मोजायचं असेल तर मीटरची ओहम रेंज विसरून जा. त्या वस्तूतून सरळ १ अँपिअर सोडायचा आणि वस्तूच्याच टोकांवर मिलिव्होल्ट मोजायचे. ३५ मिलिव्होल्ट आले की रोध ३५ मिलिओहम. करंट नेणाऱ्या वायरी वेगळ्या, व्होल्टेज बघणाऱ्या वेगळ्या. व्होल्टमीटरच्या वायरीतून करंट जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे त्यांचा रोध कितीही असला तरी आपल्याला फरक पडत नाही. याला केल्विन जोडणी म्हणतात. शंट (करंट मोजायला लावतात तो अगदी लहान रोध), मोटरची वाइंडिंग (आतली तारेची गुंडाळी), जाड केबल, सगळं असंच मोजतात. म्हणजे व्होल्टेज भागिले करंट ही जुनीपुराणी रीत मीटरच्या ओहम रेंजपेक्षा खरी निघते. मीटर तरी आतून दुसरं काय करतो? स्वतःचा बारीकसा करंट सोडतो, व्होल्टेज बघतो आणि भागाकार करून दाखवतो. त्या बारीक करंटने फिलामेंट तापत नाही म्हणून तुला गार रोध दिसला.

जुना_मास्तर
चर्चा छान. परंतु एक दुरुस्ती करू द्या. ओहमचा नियम फक्त 'विभवांतर भागिले विद्युतधारा' इतकाच नाही. वाहकाचे तापमान व अन्य भौतिक अवस्था कायम असता विद्युतधारा विभवांतराच्या समप्रमाणात असते, असा तो आहे. त्या पूर्वार्धाकडे विद्यार्थी डोळेझाक करतात आणि मग नियम मोडला म्हणून ओरड. फिलामेंटचे तापमान कायम नाही, सबब तो ओहमीय वाहक नाही. तेथे नियम लावूच नये.

भिंगरी
मास्तर, नियम लावू नये हे मान्य. पण म्हणून भागाकार करू नये असं नाही ना? रोधाची व्याख्याच व्होल्टेज भागिले करंट अशी आहे. ती बल्बला, डायोडला, कशालाही लागते. नियम एवढंच सांगतो की काही पदार्थांत हा भागाकार व्होल्टेज बदलला तरी तोच राहतो. व्याख्या वेगळी, नियम वेगळा. रोधकच्या शेवटच्या प्रश्नाला माझं उत्तर: हो, तो रोधच. पण त्या क्षणाचा, त्या व्होल्टेजचा.

जुना_मास्तर
भिंगरीताई, आपले म्हणणे तर्काला धरून आहे. पण मग एलईडीचे काय? ३ व्होल्टला २० मिलिअँपिअर. भागाकार १५० ओहम. या १५० चा उपयोग काय ते सांगा. ६ व्होल्ट दिले तर ४० मिलिअँपिअर येतील?

टेस्टर
६ व्होल्टला थोडा धूर येईल.

भिंगरी
हाहा. नाही येणार मास्तर, म्हणून तर म्हटलं 'त्या व्होल्टेजचा'. पुढे काय होईल याचा अंदाज या १५० वरून बांधता येत नाही, हे तुमचं बरोबर. त्यासाठी उतार बघायचा. ३.० व्होल्टला २० आणि ३.१ ला ३० मिलिअँपिअर आले, तर ०.१ व्होल्टच्या बदलाला १० मिलिअँपिअर, म्हणजे उताराचा रोध १० ओहम. कुठे १५० आणि कुठे १०. एलईडीला थेट व्होल्टेज न देता मध्ये रेझिस्टर घालतात तो याचसाठी, नाहीतर व्होल्टेज जरासं हललं तरी करंट कुठल्या कुठे जातो.

पण शक्तीला यातलं काही अडत नाही. ३ × ०.०२ = ०.०६ वॅट. डीसीमध्ये वस्तू ओहमीय असो नसो, व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे तिच्यात त्या क्षणी जाणारी शक्ती. हे कधीच चुकत नाही. व्ही स्क्वेअर भागिले आर आणि आय स्क्वेअर आर (व्ही व्होल्टेज, आय करंट, आर रोध) ही दोन्ही यातूनच काढलेली सूत्रं, आणि गोंधळ नेमका त्या दोघांत होतो.

प्राजक्ता_
अगदी!! माझ्या मुलीचा परवाचाच प्रश्न. आय स्क्वेअर आर म्हणतं रोध वाढला की शक्ती वाढते. व्ही स्क्वेअर भागिले आर म्हणतं रोध वाढला की शक्ती घटते. दोन्ही पुस्तकात एकाच पानावर. "आई, यातलं खरं कोणतं?" मी म्हटलं बाबांना विचार. बाबा म्हणाले आईला विचार. :)

सोल्डरिंग
@प्राजक्ता_, काय कायम आहे ते आधी बघायचं. भिंतीतल्या प्लगवर व्होल्टेज कायम, तिथे रोध कमी केला की करंट वाढतो आणि शक्ती वाढते. म्हणून जास्त वॅटच्या हीटरचा रोध कमी असतो. २३० व्होल्टला १००० वॅटचा हीटर ५२.९ ओहम, २००० वॅटचा त्याच्या निम्मा. पण एकाच साखळीत सिरीजमध्ये जोडलेल्या वस्तूंतून करंट एकच वाहतो. तिथे ज्याचा रोध जास्त तोच जास्त तापतो. सैल झालेला जोड, गंजलेली पिन, काळवंडलेला प्लग हे सगळे याच कारणाने जळतात. जोडाचा रोध ०.१ ओहम जरी झाला, तरी १५ अँपिअरला त्या एवढ्याशा ठिपक्यावर साडेबावीस वॅट.

मुलीला एक कोडं घाला: २३० व्होल्टचे ६० आणि १०० वॅटचे दोन जुने पिवळे बल्ब सिरीजमध्ये लावले तर जास्त उजेड कुणाचा?

कंडक्टर
१०० चा. सरळ आहे.

प्राजक्ता_
६० चा! लेकीने सोडवलं. ६० वाल्याचा रोध २३० × २३० ÷ ६० = ८८२, १०० वाल्याचा ५२९. करंट २३० ÷ १४११ = ०.१६३. मग ६० वाला २३.४ वॅट आणि १०० वाला १४ वॅट. ती आता घरभर नाचतेय.

शून्य_व्होल्ट
शाब्बास. फक्त धागाकर्त्याचा मुद्दा इथेही लागू होतो. हे ८८२ आणि ५२९ पूर्ण पेटलेल्या बल्बचे आकडे. सिरीजमध्ये दोघेही अर्धवट पेटणार, म्हणजे दोघांचाही रोध खाली येणार. १०० वाला जास्त गार, त्याचा रोध जास्त घसरणार. त्यामुळे खरी वाटणी २३ आणि १४ पेक्षाही जास्त तिरकी होते. प्रत्यक्षात लावलं तर १०० वाला जेमतेम लालसर दिसतो.

कंडक्टर
बरं, हरलो. आता माझी केस घ्या. १२ व्होल्टची छोटी डीसी मोटर. चालताना २ अँपिअर घेते, म्हणजे ६ ओहम. वाइंडिंग मोजली, शून्य_व्होल्टने सांगितलेल्या पद्धतीने, तर ०.८ ओहम. इथे काही पेटत नाही, तापत नाही. मग हा फरक कसला?

भिंगरी
मस्त उदाहरण. फिरणारी मोटर जनरेटरही असते. फिरताना ती उलट दिशेचं व्होल्टेज तयार करते, बॅक ईएमएफ. वाइंडिंगच्या रोधावर पडतात २ × ०.८ = १.६ व्होल्ट. उरलेले १०.४ व्होल्ट हे ते उलट व्होल्टेज. आता शक्तीची फोड बघ. आत गेले १२ × २ = २४ वॅट. तांब्यात उष्णता झाली आय स्क्वेअर आर, म्हणजे ४ × ०.८ = ३.२ वॅट. उरलेले २०.८ वॅट फिरवण्याकडे, त्यातले थोडे घर्षणात. तू ६ ओहम धरून आय स्क्वेअर आर केलंस तर २४ येतील आणि वाटेल सगळी वीज उष्णतेत गेली. भागाकार बरोबर, अर्थ चुकीचा.

आता ती मोटर हाताने घट्ट धरून थांबवली तर? उलट व्होल्टेज शून्य. १२ ÷ ०.८ = १५ अँपिअर, १८० वॅट, सगळे वाइंडिंगमध्ये. अडकलेली मोटर जळते ती अशी.

टेस्टर
१५ अँपिअर, १८० वॅट. हे आकडे वरती रोधकने खोटे ठरवले होते, ते कुणाच्या तरी नशिबी आलेच म्हणायचे.

तिसरी_वायर
तुम्ही सगळे डीसीत सुखाने नांदताय. एसीत या, मजा बघा. जुनी चोकवाली ३६ वॅटची ट्यूबलाइट. क्लॅम्प मीटरने करंट ०.४३ अँपिअर. २३० × ०.४३ = ९९. ट्यूब ३६ ची, चोक फार तर दहा खातो, मग ९९ कुठून? वॅटमीटर लावला तर ४६-४७. आता कोण खोटं?

जुना_मास्तर
कोणीच नाही. ९९ हे व्होल्ट-अँपिअर आहेत, वॅट नव्हेत. चोकमुळे विद्युतधारा विभवांतराच्या मागे पडते. काही काळ शक्ती सप्लायकडून वस्तूकडे जाते, काही काळ परत येते. सरासरी काढली की उरते ती खरी शक्ती. खरी शक्ती भागिले व्होल्ट-अँपिअर म्हणजे शक्तिगुणक. येथे ०.४७ च्या आसपास. हीटरसारख्या निव्वळ रोधाला तो १, तेथे गुणाकार थेट चालतो.

तिसरी_वायर
मास्तर, दंडवत. हेच लिहायचं होतं. भर एवढीच घालतो, की ती परत जाणारी शक्तीही वायरीतून जाते-येते, आणि वायर तापते ती पूर्ण ०.४३ ने. म्हणून वायर आणि स्विच निवडताना अँपिअर बघायचे, वीजबिलाचा अंदाज काढताना वॅट. घरचा मीटर वॅट-तास मोजतो, व्होल्ट-अँपिअर नाही. आणि डिमरवर चालणाऱ्या वस्तूचं व्होल्टेज साध्या मीटरने मोजून हिशोब करू नका. लाट कापलेली असते, ट्रू आरएमएस (कसल्याही आकाराच्या लाटेचं खरं परिणामी मूल्य मोजणारा) नसलेला मीटर तिथे काहीबाही दाखवतो.

वातीचा_दिवा
अवांतर, पण राहवत नाही. खुद्द ओहमलाही सप्लायच नडला होता. सुरुवातीला त्याने व्होल्टाच्या घटावर प्रयोग केले, पण करंट काढला की घटाचं व्होल्टेज घसरायचं, आकडे जुळेनात. मग पोगेनडॉर्फ या भौतिकशास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून त्याने तांबे आणि बिस्मथची थर्मोकपल जोडी वापरली, म्हणजे दोन जोडांच्या तापमानातल्या फरकाने व्होल्टेज देणारी. एक जोड उकळत्या पाण्यात, दुसरा वितळत्या बर्फात. दोन्ही तापमानं कायम, म्हणून व्होल्टेजही कायम. त्यावर वेगवेगळ्या लांबीच्या तारा लावून नियम हाती आला. पुस्तक निघालं १८२७ मध्ये. मायदेशी आधी थंडच स्वागत झालं. रॉयल सोसायटीने कोप्ली पदक दिलं ते १८४१ मध्ये. जूलने करंटच्या वर्गाचा आणि उष्णतेचा संबंध छापला तेही १८४१ मध्येच.

त्याही आधी हेन्री कॅव्हेंडिशने जवळपास हेच शोधून ठेवलं होतं, पण छापलं नाही. त्याचे कागद मॅक्सवेलने १८७९ मध्ये प्रसिद्ध केले. कॅव्हेंडिशचा अँमीटर कोणता होता माहितीये? तो स्वतः! वेगवेगळ्या वाहकांमधून शॉक घ्यायचा आणि कोणता जोरात बसला ते लिहून ठेवायचा.

टेस्टर
म्हणजे माझं सदस्यनाम त्याला जास्त शोभलं असतं.

सोल्डरिंग
नवशिक्यांसाठी एक, कारण रोज कुणी ना कुणी विचारतं. मिलिअँपिअर तसेच्या तसे सूत्रात घालू नका. १२ व्होल्ट भागिले २० केलं की ०.६ ओहम येतात आणि माणूस दुकान गाठतो. एक तर २० चे ०.०२ करा, नाहीतर सोपी युक्ती: व्होल्ट भागिले मिलिअँपिअर केलं की उत्तर थेट किलोओहममध्ये, आणि व्होल्ट गुणिले मिलिअँपिअर केलं की मिलिवॅटमध्ये. ०.६ किलोओहम म्हणजे ६००. संपलं.

आणि अँमीटर सिरीजमध्येच. पिन अँपिअरच्या भोकात तशीच ठेवून कुणी व्होल्टेज मोजायला गेलं, की मीटर म्हणजे नुसता तारेचा तुकडा होतो. फ्यूज असला तर फ्यूजवर भागतं.

शून्य_व्होल्ट
मीटर कुठे जोडला यालाही महत्त्व आहे बरं का. रोधकने बल्बच्या टोकांवर व्होल्टेज मोजलं ते उत्तम केलं. सप्लायच्या डिस्प्लेवरचे १२ घेतले असते तर वायरीत आणि अँमीटरमध्ये पडलेलं व्होल्टेजही बल्बच्या नावावर गेलं असतं. १.७५ अँपिअरला ०.१ ओहमच्या वायरी म्हणजे पावणेदोन दशांश व्होल्ट हवेत. उलट रोध मेगाओहममध्ये असेल तर त्याच्या टोकांवर व्होल्टमीटर लावणं चुकीचं, कारण डिजिटल मीटर स्वतः साधारण १० मेगाओहमचा असतो आणि करंटमध्ये वाटा मागतो. लहान रोधाला व्होल्टमीटर आत (थेट रोधाच्याच टोकांवर), मोठ्या रोधाला अँमीटर आत (रोधाला लागून, आणि व्होल्टमीटर त्या दोघांच्या बाहेरून).

शिवाय व्होल्टेजमध्ये १ टक्का आणि करंटमध्ये २ टक्के चूक असेल तर रोधात आणि शक्तीतही वाईटात वाईट ३ टक्के. तेव्हा ६.८५७१४ असं लिहिणाऱ्यांनी जरा दमानं.

रोधक
सगळ्यांचे धन्स! धागा कुठल्या कुठे गेला, पण मी बसून बल्बवर पुन्हा मोजलं. व्होल्टेज दर वेळी बल्बच्या टोकांवर:

१ व्होल्ट: ०.४६ अँपिअर, २.२ ओहम, ०.४६ वॅट
३ व्होल्ट: ०.८२ अँपिअर, ३.७ ओहम, २.५ वॅट
६ व्होल्ट: १.२० अँपिअर, ५.० ओहम, ७.२ वॅट
१२ व्होल्ट: १.७५ अँपिअर, ६.९ ओहम, २१ वॅट

१ व्होल्टला तार काळीच दिसते, उजेड काही नाही, तरी रोध साडेतीन पट झालेला. आणि व्होल्टेज ६ चं १२ केलं तर शक्ती चौपट व्हायला हवी होती, झाली जेमतेम तिप्पट. आणखी एक दिसलं: १२ वर ठेवून स्विच दाबला की सप्लायचा करंट लिमिटचा लाल दिवा एक क्षण लुकलुकतो आणि विझतो.

भिंगरी
सुरेख! तो लाल दिवा म्हणजे तुझा ०.६ ओहमचा गार बल्ब. पहिल्या क्षणी तो १२ ÷ ०.६ = २० अँपिअर मागतो, सप्लाय ३ वर अडवतो, तेवढ्यात तार तापते आणि मागणी खाली येते. बल्ब बहुतेक वेळा स्विच लावतानाच का उडतो तेही यात आलं.

जुना_मास्तर
हा तक्ता शाळेत दाखवण्याजोगा आहे. विद्यार्थ्यांकडून नेहमी निक्रोमची तार घेऊन आलेख काढून घेतात. निक्रोमचा रोध तापमानाने फारसा बदलत नाही, रेषा सरळ येते आणि सगळे खूश. शेजारी हा बल्ब ठेवला पाहिजे. भिंगरीताई, व्याख्या आणि नियम यांतील आपला भेद मी मान्य करतो. फक्त परीक्षेत 'तापमान कायम असता' लिहिले नाही तर गुण कापणार.

कंडक्टर
रोधक, पण तुला हे मुळात मोजायचं कशाला होतं? नुसती हौस?

रोधक
नाही हो. इंडिकेटरला एलईडी लावलेत. एलईडी करंट कमी घेतात, म्हणून फ्लॅशरला (इंडिकेटर लुकलुकवणारा डबा) वाटतं बल्ब उडालाय आणि तो टकटकटक पळत सुटतो. तर एलईडीला पॅरलल ६.८ ओहमचा रेझिस्टर लावून बल्बचं सोंग आणायचं, असं डोक्यात होतं. रेझिस्टर किती वॅटचा घेऊ? २५ चा पुरेल ना, २१ च वॅट आहेत.

सोल्डरिंग
थांब. इंजिन चालू असताना गाडीत १२ नाही, १४ च्या आसपास व्होल्ट असतात. रेझिस्टर ओहमीय, तो बल्बसारखा रोध वाढवून सांभाळून घेणार नाही. १४ × १४ ÷ ६.८ = २८.८ वॅट. इंडिकेटर अर्धा वेळ बंद म्हणून सरासरी त्याच्या निम्मी धर, पण फ्लॅशर चालूवर अडकला तर पूर्ण. ५० वॅटचा ॲल्युमिनिअमच्या खोळीतला घे. आणि हे ५० वॅट धातूच्या पत्र्यावर स्क्रूने आवळला तरच खरे, हवेत लोंबकळत ठेवला तर त्याची ताकद निम्मीही राहत नाही. प्लॅस्टिकला आणि वायरींच्या जुडग्याला अजिबात टेकवू नको.

टेस्टर
म्हणजे वीज वाचवायला एलईडी लावायचा, आणि वाचलेली वीज जाळायला रेझिस्टर. कृ. ह. घ्या.

तिसरी_वायर
टेस्टर पहिल्यांदाच कामाचं बोलला. रोधक, रेझिस्टर सोड, एलईडीसाठीचा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर मिळतो, तो बसव. करंट किती यावर त्याचा वेग ठरत नाही.

रोधक
हे आवडलं. जुन्याला दोनच पिना आहेत. नवा तीन पिनांचा मिळाला तर?

तिसरी_वायर
तिसरी बहुतेक अर्थची असते, बॉडीला जोडायची. पण पिनांवरची अक्षरं बघूनच जोड, पिनांचा क्रम सगळ्यांचा सारखा नसतो. फोटो टाक, सांगतो.